म्हात्रे सरांची हलकी रायफल

म्हात्रे सर गेले तेव्हा त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली आणि कोणीतरी खाली 'थोर क्रीडाप्रेमी' असं लिहिलं. मला ते वाचून ओशाळल्यासारखं झालं. शेवटची दोन वर्षं सर स्वतःची ओळख वेगळीच करून द्यायचे. नवीन माणसाने विचारलं, काय करता, तर म्हणायचे, "शिक्षक होतो. माझ्या हातून एका बाईचा डोळा गेला." समोरचा माणूस गडबडायचा, विषय बदलायचा. सर विषय बदलू द्यायचे, पण सांगायचं सोडायचे नाहीत.

वर्तकनगरच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. शाळेच्या मागे पत्र्याची एक लांबुळकी शेड होती, पूर्वी तिथे मोडके बाक ठेवायचे. ते बाक सरांनी स्वतः उचलून गच्चीवर नेले आणि त्या शेडमध्ये दहा मीटरची रेंज तयार केली. दोन जुन्या एअर रायफली, एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला लाकडी फळीवर कागदाची लक्ष्यं. मी आठवीत तिथे जायला लागले. पुढे मी काही मोठी नेमबाज झाले नाही, पण सरांचा सहवास सुटला नाही.

सर उंच होते. खांदे थोडे पुढे आलेले, पांढरा हाफ शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मूळचे घोडबंदर रोडवरच्या ओवळ्याचे, आगरी. वर्गात ते पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. खूश झाले किंवा चिडले की गावचं मराठी बाहेर यायचं. सगळ्या मुलींना 'बाय' म्हणायचे. चहा बशीत ओतून पार निवेपर्यंत थांबायचे. गरम चहाने हात थरथरतो अशी त्यांची समजूत होती. आणि रायफलीला कोणी बंदूक म्हटलं की त्यांना खपायचं नाही. "बंदूक जत्रेत असते, फुगे फोडायला. ही रायफल आहे."

नव्या मुलाला ते महिनाभर छर्रा देत नसत. पहिल्या दिवशी त्याला लक्ष्याच्या फळीमागे नेऊन उभं करायचे. तिथून आपण कुठे उभं राहून नेम धरणार ते बघायचं, मग परत येऊन फळीमागे काय काय दिसलं ते सांगायचं. भिंत, पाण्याची टाकी, मागच्या चाळीची खिडकी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. एखादी गोष्ट सुटली की पुन्हा पाठवायचे. "फळी तर कोणालाही दिसते," ते म्हणायचे, "फळीमागे कोण राहतं ते बघ." आम्हाला या प्रकाराचा कंटाळा यायचा. पालक विचारायचे, मुलगा महिनाभर नुसता भिंत बघतोय का. सर म्हणायचे, हो.

एकदा निखिल नावाचा मुलगा, आमच्यातला सगळ्यात चांगला नेमबाज, कोणीतरी हाक मारली म्हणून हसत मागे वळला. हातात रायफल होती. भरलेली नव्हती. सरांनी शांतपणे ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि सांगितलं, या वर्षी तू घरी. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती. मुख्याध्यापक शेडमध्ये आले, निखिलची आई रडली. "सर, रिकामी होती," निखिल म्हणाला. "ते तुला माहीत होतं. ज्याच्याकडे तू ती वळवलीस त्याला माहीत नव्हतं," सर म्हणाले. त्या वर्षी शाळेला पदक मिळालं नाही. सरांना त्याचं वाईट वाटलं असेल, पण ते दिसलं नाही. हा इतका कडक माणूस, म्हणूनच पुढचं सगळं सांगताना मला जड जातं.

निवृत्तीनंतरही ते रेंज चालवत राहिले. ओवळ्याची त्यांची भातशेती बिल्डरकडे गेली होती आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्यांना घरं मिळाली होती. सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली बोट दाखवून ते सांगायचे, क्लबहाउस आहे तिथे आमचं खळं होतं, पार्किंगच्या तोंडाशी विहीर. मग त्यांचा उजवा खांदा धरला. पाच किलोची रायफल थोडा वेळ उचलली की हात खाली यायचा. डॉक्टरांनी नेमबाजी सोडा म्हणून सांगितलं. सरांनी त्याचा अर्थ असा काढला की रायफल हलकी पाहिजे.

बाजारातल्या हलक्या रायफली त्यांना आवडल्या नाहीत, खेळण्यासारख्या वाटल्या. म्हणून सुटे भाग निवडून आपली आपणच जुळवायची असं ठरलं. मी तेव्हा घोडबंदर रोडवरच्याच एका ऑफिसात नोकरीला लागले होते, राहायला ठाकुर्लीला. रविवारी सर फोन करायचे, "बाय, कल्याणला येतेस का, लाकूड बघायचंय." त्यांच्या पिशवीत त्यांच्या बायकोच्या, सुलभाकाकूंच्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा असायचा. प्रत्येक वस्तू त्या काट्यावर चढायची. दुकानदार वैतागायचे. काकू म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा काटा विसरले होते, म्हणून लग्न झालं."

नळी आणि आतली यंत्रणा शाळेने मोडीत काढलेल्या रायफलीची घेतली. तिचा स्वभाव ओळखीचा आहे म्हणाले. खरा प्रश्न दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाचा होता. सागवान सुंदर पण जड. ॲल्युमिनिअमचा दस्ता हलका, पण तो गालाला लावून बघितला आणि लगेच खाली ठेवला. "हिवाळ्यात गाल मागे घेईल माणूस. गाल हलला की नेम हलला." शेवटी कल्याणला देव्हारे करणाऱ्या एका सुताराकडे शिवणीचं लाकूड मिळालं. हलकं, सरळ रेषांचं, वाकायचं नाही. सुताराने तीनदा दस्ता केला, तीनदा सरांनी त्याच्याच दुकानात उभं राहून, डोळे मिटून तो खांद्याला लावला. डोळे उघडल्यावर मान वाकडी झालेली असली की पुन्हा रंधा. मागे खांद्याला टेकायला मऊ रबर. नेम धरायला बारीक भोकाची साधी साईट, कारण दुर्बीण जड. आणि पुढच्या टोकाला मात्र त्यांनी मुद्दाम थोडं वजन ठेवलं, फार हलकी रायफल पाखरासारखी उडते म्हणून.

रायफल झाली तेव्हा सरांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. शेडमध्ये पहिल्या दहा छर्ऱ्यांत नऊ काळ्या ठिपक्यात. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि आम्हाला सगळ्यांना उकडलेल्या शेंगा खायला घातल्या. त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं, असं काकू पुढे म्हणाल्या.

सोसायटीत घुशी झाल्या होत्या. गाड्यांच्या वायरी कुरतडायच्या, बागेत बिळं करायच्या, गटारांच्या कडेने रात्रंदिवस फिरायच्या. विष ठेवलं तर ते खाऊन कोणाचं तरी मांजर मेलं आणि मोठं भांडण झालं. सेक्रेटरी देसाई एका संध्याकाळी सरांकडे आले. देसाई बोलायला गोड.

"सर, आपल्याकडे एवढा चॅम्पियन माणूस, आणि आपण पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या पाया पडतोय."

"ही लक्ष्यावरची रायफल आहे हो."

"अहो पण घूस म्हणजे हलतं लक्ष्यच की."

सर हसले. सुरुवातीला नाही म्हणाले. मग एकदा बघू म्हणाले. पहिल्या सकाळी पार्किंग पूर्ण रिकामं करून, दोन्ही उतारांवर वॉचमन उभे करून त्यांनी दोन घुशी मारल्या. सर वर आले तेव्हा लोकांनी बाल्कन्यांतून टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ ग्रुपवर फिरला. ज्या टॉवरमध्ये इतकी वर्षं त्यांना 'ते गाववाले' म्हणायचे, तिथे लिफ्टमध्ये लोक बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ द्यायला लागले. मलाही त्यांनी तो व्हिडिओ दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा दाखवताना त्यांच्या लक्षात आलं, आणि जरा चोरट्यासारखे हसले.

पार्किंगमध्ये उजेड कमी, म्हणून देसाईंनी दुर्बीण बसवायचं सुचवलं. सरांनी सहा महिने ग्रॅम ग्रॅम कमी केलेल्या त्या रायफलीवर दुर्बीण चढवली. काट्यावर न ठेवता. सगळ्या रायफलीत ही एकच वस्तू त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतली होती. "दुर्बिणीतून घूस मांजराएवढी दिसते," ते मला पुढे म्हणाले, "आणि बाकी काही दिसत नाय, बाय. काहीच नाय."

हळूहळू वॉचमन उभे करणं मागे पडलं. रोज कोण उभं राहणार? मग सर पार्किंगमधून बागेत आले, कारण बिळं बागेत होती. एका सकाळी मागच्या भिंतीजवळ, गटाराच्या लोखंडी झाकणाशी त्यांना घूस दिसली. त्यांनी नेम धरला आणि छर्रा सोडला. घूस पळाली. छर्रा झाकणावर आपटून उडाला. कण्हेरीच्या ताटव्यामागून बाईचा आवाज आला.

शोभा गायकवाड तिथे गवत काढत बसली होती. हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे कामाला, वर्तकनगरला राहायची. रोज सकाळी ती बाग झाडायची हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं, सरांनाही. रोज तीच त्यांना 'सर, नमस्कार' म्हणायची. ती उजव्या डोळ्यावर हात दाबून बसली होती आणि बोटांतून रक्त येत होतं.

देसाई धावत आले. त्यांनी एका नजरेत रायफल बघितली, शोभाला बघितलं. "फांदी लागली," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कण्हेरीची फांदी लागली हिला, चला, गाडी काढा." छर्रा डोळ्याला चाटून गेला होता, आत काही राहिलं नव्हतं. दवाखान्यात देसाईंनी तेच सांगितलं, डॉक्टरांनी तेच लिहिलं. सर त्यांच्या शेजारी उभे होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही होता का तिथे?" सर म्हणाले, "हो." डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही आणि सर पुढे काही बोलले नाहीत.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, पण लगेच नाही. मधले दिवस मी त्यांना रेंजवर बघत होते. मुलांना नेमाबद्दल काही सांगत नसत, नुसते खुर्चीत बसून राहायचे. एका नव्या मुलीने फळीमागून येऊन विचारलं, "सर, काय काय दिसलं ते सांगू?" सर उठून शेडबाहेर गेले. मला वाटलं खांदा दुखतोय.

घरी ते जेवत नव्हते. शेवटी त्यांनी काकूंना सांगितलं. काकू भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले.

"तिला सांगितलं?"

"नाय."

"मग मला कशाला सांगता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिस सुटताना बोलावलं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तिच्या घरी जायचंय. तू सोबत ये, बाय. मी ऐनवेळी शब्द बदलले तर मला थांबव."

शोभाचं घर म्हणजे चाळीतली एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलांची शाळेची दप्तरं. तिच्या डोळ्यावर पट्टी होती. सर आले म्हणून ती उठायला लागली, सासूने तिला बसवलं. आम्हाला पाणी दिलं. सरांनी ग्लास हातात धरला, प्यायले नाहीत.

"शोभा, त्या दिवशी बागेत जो काही प्रकार घडला..." त्यांनी सुरुवात केली. "म्हणजे तो जो अपघात..."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"फांदी नव्हती," ते म्हणाले. "मी मारलेला छर्रा होता. तू मागे आहेस ते मी बघितलं नाही. आणि दवाखान्यात मी गप्प बसलो."

शोभा आपल्या हातांकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"मला डॉक्टरांनी विचारलं, फांदी कशी लागली. मी म्हटलं, मी तर खाली बसलेली, फांदी वर असते. तर देसाई साहेब म्हणाले, तू घाबरलेलीस, तुला आठवत नाही. मग मला पण वाटलं, मला आठवत नसेल. रोज रात्री मी आठवून बघते. नवऱ्याला पण म्हटलं, माझं डोकं तर नाही ना फिरलं." तिने सरांकडे बघितलं. "तुम्ही तिथेच होता ना, सर, तेव्हा?"

"होतो."

"मग नुसतं एवढं तरी बोलायचं, की ही बरोबर सांगतेय."

सरांनी मान खाली घातली. मी त्यांना शाळेपासून ओळखत होते, मुख्याध्यापकांपुढेही ती मान कधी खाली गेली नव्हती. माफी हा शब्द त्यांनी वापरला नाही. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माफी मागितली असती तर तिच्याकडून आणखी काहीतरी घेतल्यासारखं झालं असतं."

सासू म्हणाली, "हे इथे बोलून काय उपयोग? पोलिसात बोलाल का?"

"त्यासाठीच आलोय," सर म्हणाले.

चौकीवरचा हवालदार त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि हळूच विचारलं, "सर, आपसात मिटत असेल तर कशाला?" सर खुर्चीत बसले नाहीत. शोभा बसली होती तिच्या शेजारी उभे राहून त्यांनी जबाब दिला, सगळा, दवाखान्यातल्या गप्प बसण्यासकट. लिहिणाऱ्याने ते वाक्य गाळलं, तर त्यांनी ते पुन्हा लिहायला लावलं.

सोसायटी उसळली. देसाई म्हणाले, म्हाताऱ्याने आम्हाला गोवलं. टाळ्या वाजवलेल्यांपैकी कोणी त्यांच्याशी बोलेना. ठेकेदाराने शोभाला कामावरून काढलं, भानगड नको म्हणून. सर सोसायटीच्या ऑफिसमध्ये जाऊन बसले आणि देसाईंना म्हणाले, ती कामावर येईपर्यंत मी इथेच बसणार. रोज डबा घेऊन जायचे आणि बसायचे. मेंटेनन्स भरायला येणारे लोक त्यांना टाळून उभे राहायचे. शेवटी शोभाला परत घेतलं, पण बागेत नाही, लॉबी पुसायला. तिच्या उजव्या डोळ्याला उजेड कळायचा, माणसं कळायची नाहीत. तो डोळा पुढेही तसाच राहिला.

शाळेची रेंज सरांनी स्वतः बंद केली. आम्ही काही जुने विद्यार्थी त्यांना समजवायला गेलो. त्यात निखिलही होता, आता पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. तो म्हणाला, "सर, मुलांचं काय चुकलं?" सर म्हणाले, "तुला मी एका वर्षासाठी घरी बसवलं. मला किती वर्षं बसवायचं ते तू सांग." निखिल उठून बाहेर गेला.

कोर्टात सरांनी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला. रायफल जप्त झालीच होती, दंड झाला, आणि वय बघून कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा. मी त्या दिवशी रजा घेऊन गेले होते. सर मागच्या बाकावर ताठ बसले. वकील म्हणाला, काका, कँटीनला जाऊन या, कोणी बघत नाही. सर हलले नाहीत. दुसऱ्यांच्या चोऱ्या, भाडेकरूंची भांडणं, सगळं ऐकत संध्याकाळपर्यंत बसले. कोर्ट उठलं, शिपाई पंखे बंद करायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "झालं? एवढीच शिक्षा?" शिपाई हसला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला आनंद झालाय.

त्यानंतर ते खचलेले मात्र दिसले नाहीत. ओशाळलेले दिसायचे, आणि ते लपवायचे नाहीत. डोळ्याच्या तपासणीला शोभाला सुट्टी मिळेल असं बघायचे, तिच्यासोबत दवाखान्यात जायचे, नंबर लावायचे. तिच्या नवऱ्याला आधी ते आवडलं नाही. मग त्याची ड्यूटी असायची त्या दिवशी त्याने हरकत घेणं सोडलं. दोघांत गप्पा होत असतील असं मला वाटत नाही. काकूंनी एकदा विचारलं, काय बोलता एवढा वेळ बाकावर बसून? सर म्हणाले, "काही नाय. ती टोकन बघते, मी टोकन बघतो."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते वर्तकनगरच्या नाक्यावर. मी बसमध्ये होते, बस सिग्नलला अडकली होती. सर आणि शोभा दवाखान्यातून परत येत होते, रस्ता ओलांडायला थांबले होते. सर तिच्या उजव्या बाजूला उभे होते. गाड्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. सरांचा हात तिच्या कोपरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, मग त्यांनी तो मागे घेऊन पँटच्या शिवणीला धरला. शोभा समोरच बघत होती. तिने मान न वळवता काहीतरी विचारलं. खिडकी उघडी होती, मला ऐकू आलं.

"सर, या बाजूने काय येतंय?"

सरांनी नीट वाकून बघितलं. "रिक्षा आहे. थांब." रिक्षा गेली. मागून एक स्कूटर येत होती, तीही त्यांनी जाऊ दिली. मग पुन्हा एकदा बघितलं.

"आता चल," ते म्हणाले, आणि ती चालायला लागली.